पान उलटताना

“उजव्या हातानं दाबायचं आणि डाव्या हातानं पान उलटायचं. आराध्ये, पास होण्याचा आता एवढाच मार्ग राहिलाय,” बोंद्रे म्हणाला आणि त्यानं ती रबरी पिशवी माझ्या हातात दिली.

पिशवीचं दुसरं टोक शेवंताच्या घशात घातलेल्या नळीला जोडलेलं होतं. पिशवी दाबली की तिची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. बाकी तिच्या अंगात कुठंच काही हलत नव्हतं. पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओल्या कापसाचे बोळे, हात अंगाशी सरळ ठेवलेले. कपाळावर हिरवं गोंदण होतं. वय माझ्याहून लहानच असावं.

“किती वेळ दाबायचं?” मी विचारलं.

“यंत्र दुरुस्त होऊन येईपर्यंत. म्हणजे आपल्या परीक्षेपर्यंत धर.”

आमच्या सरकारी रुग्णालयात श्वास देणारं यंत्र एकच होतं आणि ते दुरुस्तीला गेलेलं होतं. अशा वेळी ही पिशवी दाबत बसायचं. आधी डॉक्टर, मग नातेवाईक, मग पुन्हा डॉक्टर. पिशवी थांबली की माणूस थांबतं.

शेवंताला मण्यार चावली होती. बाजरीच्या खळ्यावर राखणीला निजली होती. मण्यार चावते तेव्हा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात कळ आली म्हणून ती उठली, मग पापण्या जड झाल्या, मग पाणी गिळता येईना. घरच्यांना साप सुचायलाच वेळ लागला. जीप मिळाली तेव्हा उन्हं वर आली होती आणि वाटेत तिचा श्वास बंद पडला. आमच्याकडे आली तेव्हा ओठ निळे होते, नाडी मात्र लागत होती. विषावरचं औषध देऊन झालं होतं. आता वाट बघायची होती, आणि वाट बघायची तर कुणीतरी दाबत राहायला हवं होतं.

एम.डी.च्या तिसऱ्या वर्षाला परीक्षेआधीचा महिना वॉर्डातून मोकळीक मिळते. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो पाळला जातो. खालच्या वर्षाचे वरच्यांना सांगतात, ‘तुम्ही आता इथं दिसू नका.’ त्यांची पाळी आली की त्यांच्या खालचे त्यांना तसंच सांगतात. त्या वर्षी आमच्या युनिटच्या खालच्या जागा रिकाम्याच राहिल्या होत्या. म्हणून मी आणि हेमराज बोंद्रे, दोघंही दिवाळीनंतरच्या परीक्षेला बसणारे, आम्हीच एकमेकांचे खालचे झालो. एक दिवस तो वाचनालयात आणि मी वॉर्डात, दुसऱ्या दिवशी उलट. आमचे टिळेकर सर दुसऱ्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते.

वॉर्डातला दिवसही कोरडा जाऊ नये म्हणून बोंद्रेनं आपलं जाडजूड पुस्तक फाडून त्याचे भाग केले होते. त्या त्या दिवसाचा भाग एप्रनच्या खिशात. मलाही म्हणाला, “दे, तुझंही फाडून देतो.” मला ते जमलं नाही. पुस्तकाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावणाऱ्या घरातली मी. अख्खं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे.

आणि माझा नेम होता. अंघोळ झाली की पोथीचा एक अध्याय आणि ठरलेल्या माळा. त्या झाल्याशिवाय पोटात काही घालायचं नाही. आजही तसंच आहे. होस्टेलमध्ये मुली हसायच्या, पण प्रेमानं हसायच्या. बोंद्रे म्हणायचा, “देव एक्स्टर्नल परीक्षक म्हणून येणार असेल तर आधी सांग, मीही माळ घेतो.” परीक्षा जवळ आली तसा अध्याय कसाबसा व्हायचा, माळांना मात्र वेळ मिळेना. दुपार उलटून जायची, पोटात कावळे ओरडायचे.

त्या दिवशी शेवंताच्या उशाशी स्टुलावर बसले आणि मला वाट सापडली. दर दाबण्याला एक नाम. ओठांत राम, हातात पिशवी, डोळ्यांपुढं पुस्तक. मधूनमधून नाम थांबवून एखादा परिच्छेद मी वाचून घ्यायचे. मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या लक्षात राहत नाही. मोठ्यानं म्हणजे माझ्या मानानं, शेजारच्या खाटेवरही ऐकू जायचं नाही. नेम, अभ्यास आणि ड्युटी एकाच आसनावर होऊ लागले. मला त्याचा आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू.

शेवंताच्या नवऱ्याचं नाव भागिनाथ. बारीक चणीचा, गळ्यात टॉवेल, बोलणं कमी. त्याला एकदा दाखवलं आणि त्यानं बरोबर धरलं. ना घाई, ना आळस.

“बाई, जोरात दाबू का हळू?”

“छाती जेवढी तुमची वर येते तेवढी तिची आली पाहिजे.”

मग तो स्वतःच्या छातीकडे बघत दाबायचा. त्याचा थोरला भाऊ कचरू मात्र दहा-पाच वेळा दाबून कंटाळायचा आणि विडीला बाहेर जायचा.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड बोंद्रेचा होता, पण सकाळी त्याला आणखी दोन नवे रुग्ण आले म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. मी दाबत होते आणि तो पलीकडच्या बाजूला उभा राहून पोहे खात होता.

“चल, तेवढ्यात तुझी तोंडी घेतो. मण्यार आणि नाग. फरक सांग.”

मी सांगितला.

“पक्षाघात कसा उतरतो?”

“वरून खाली. आधी पापण्या, मग घसा, मग छाती.”

“शुद्ध?”

“शाबूत असते. रुग्ण बेशुद्ध वाटतो, पण नसतो. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या राहतात, त्यावरून मेंदू गेला असं ठरवू नये.”

“अगदी छापील. पूर्ण मार्क.” त्यानं बशी खिडकीत ठेवली, शेवंताच्या डोळ्यावरचा बोळा उचलला, पापणी वर केली आणि बॅटरी मारली. बाहुली मोठी होती, तशीच राहिली.

“मग ही?” मी विचारलं.

“ही त्यातली नाही गं. ही वाटेत निळी पडली होती. किती वेळ श्वास बंद होता कुणाला माहीत? तो कचरू म्हणतो, निम्मा रस्ता. ही विषानं नाही गेलेली, हवा नव्हती म्हणून गेलीय. तू परीक्षेत दोन्ही लिही, कशाला तरी मार्क मिळतील.”

“नक्की गेलीय?”

“चिमटा काढून बघितला, सुई टोचून बघितली. काय राहिलंय?” त्यानं बोळा परत ठेवला. “पुढचं सांग. औषधाचा डोस.”

मी डोस सांगितला.

दुपारी वॉर्ड जरा निवतो. भेटायला आलेले जातात, सिस्टर नोंदी करत बसतात. भागिनाथच्या तळहातांना फोड आले होते म्हणून मी पिशवी घेतली. तो खाटेच्या पायाला टेकून खाली बसला. कचरूनं काचेच्या ग्लासातून चहा आणला.

“घे च्या.”

“नको दादा.”

“घे. तू उपाशी राहून ती उठनार हाय का?”

भागिनाथनं ग्लास घेतला, पण प्याला नाही.

“पोरगी कुठंय?”

“आईपाशी. रातभर रडली म्हनं. अंगावरची पोर ती.”

माझ्याकडे कचरूनं एकदा बघितलं. मी पुस्तकात होते. इंग्रजी वाचणाऱ्या बाईला आपलं बोलणं ऐकू येत नाही असं त्याला वाटलं असावं.

“भागा, मी बोलू नये, पन कुनीतरी बोलाया पायजे. ते डाक्टर काय म्हनले, आयकलं न्हवं? पोरीचं कसं करनार?”

“दादा, आत्ताच नको.”

“आत्ताच म्हनतोय का मी? कारतिक तर उजाडू दे. आईला दिसत न्हाई, तुझी वहिनी आपल्याच चौघांत बेजार. परकी आनली तर पोरीचे हाल. हिचीच धाकटी हाय की. चंद्रा. मावशी ती मावशी.”

भागिनाथनं चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला.

“तिच्या बापाला कोन इचारनार?”

“मी इचारतो की. माझ्याव सोड.”

“अन चंद्रा? ती हो म्हनंल?”

“तिला कोन इचारतंय!”

मी दाबत होते, शेवंताची छाती वर येत होती, खाली जात होती.

“चंद्राला धाव्वीला बसवायचं म्हनत व्हती ही,” भागिनाथ म्हणाला आणि टॉवेलात तोंड घालून रडायला लागला. कचरूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, “बसवू ना. आपन बसवू. लगीन करून बी बसवता येतंय.”

मी पान उलटलं.

आदला दिवस वॉर्डात गेला म्हणून तिसऱ्या दिवशीचं वाचनालय बोंद्रेनं मला दिलं होतं. अध्याय झाला, पण माळा शेवंताच्या उशाशी करायची दोन दिवसांतच सवय लागली होती म्हणा, किंवा चैन पडेना म्हणा, मी पुस्तक घेऊन वॉर्डात गेले. भागिनाथ पिशवी दाबत होता आणि कचरू खाटेखालची पितळी, तांब्या, गोधडी एका गाठोड्यात बांधत होता.

बोंद्रे मला पडद्यापलीकडं घेऊन गेला.

“नेतायत घरी. मी सगळं समजावून सांगितलंय.”

“काय सांगितलंस?”

“जे आहे ते. उठायची नाही. गावी न्यायचं असेल तर वाटेभर पिशवी दाबत न्या, दारात पोचलात की सोडा. म्हणजे घरी गेल्यासारखं होईल.”

“सरांना विचारलंस?”

“सर उद्या रात्री येणार. आराध्ये, दोन दिवस झाले. माझ्या वॉर्डात चाळीस बायका आहेत आणि माझे दोन हात आहेत. त्यातला एक हिच्यापाशी.”

“मण्यारीला दोन दिवस म्हणजे काहीच नाही. तीन-चार लागतात.”

“मण्यारीला. हिला नाही.”

“आजचा एक दिवस थांबू.”

माझा आवाज असा की माणसं ‘काय?’ म्हणून परत विचारतात. त्यानं परत विचारलं नाही. चष्मा काढून डोळे चोळले.

“एक दिवस कुणाचा? तुझा का माझा? आज वाचायचा दिवस तुझा आहे, उद्याचा माझा. मी माझा नाही देणार. माझ्या घरी धाकट्या बहिणीचं लग्न परीक्षेवर अडलंय, तुला ठाऊक आहे. तुला द्यायचा असेल तर तुझा दे.”

“देते.”

“आणि उद्या?”

“उद्याही मीच बसते.”

“म्हणजे परवाही तूच बसणार. नापास होशील.”

“होऊ दे.”

“हे असं माळ ओढून पास होता येत नसतं गं,” तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. मग एप्रनच्या खिशातला पुस्तकाचा तुकडा काढून तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

मी खाटेपाशी आले. भागिनाथला म्हणाले, “मी घेते. तुम्ही बसा.”

“जीप आलीया बाई.”

“आजच्या दिवस थांबा.”

“थांबून काय व्हतंय? डाक्टर म्हनले...”

“मीही डॉक्टरच आहे.”

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच बघितलं असेल. कचरू म्हणाला, “ड्रायवर थांबनार न्हाई. भाडं चढतंय.” भागिनाथनं पिशवी सोडली नाही, मलाही दिली नाही. छातीकडं बघत तो दाबत राहिला. शेवटी म्हणाला, “दादा, जीप जाऊ दे.”

“अन मग?”

“मग काय? बाई म्हनत्यात तर थांबू.”

कचरू शिव्या देत बाहेर गेला. कुणाला देत होता कुणास ठाऊक.

तो दिवस मी त्या स्टुलावरून उठले नाही म्हटलं तरी चालेल. भागिनाथ आणि मी आळीपाळीनं. माझी पाळी असली की पुस्तक मांडीवर. वाचलेलं काहीच डोक्यात शिरत नव्हतं, तरी सवयीनं वाचत होते. दिवेलागणीला बोंद्रे आला. त्यानं माझ्या हातातून पिशवी घेतली.

“ऊठ. जेव. नेम झाला का?”

“झाला.”

“मग जा. वरण गार होतं मेसमधलं. आणि एवढ्यानं मी पुण्यवान झालो असं समजू नकोस, मी इथं उभ्यानं हृदयाचं प्रकरण वाचणार आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी परत आले, तेव्हा भागिनाथ दाबता दाबता डुलत होता. त्याला उठवून मी बसले. बोंद्रे पायथ्याशी तापाचा तक्ता बघत होता. ऊन खिडकीतून खाटेच्या पायाकडच्या भागावर आलं होतं. मी नाम घेत होते, पुस्तक अजून उघडलेलं नव्हतं, म्हणून मला दिसलं. चादरीबाहेर आलेल्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

“बोंद्रे.”

“हं.”

“अंगठा.”

“झटका असेल. स्नायू उडतात.”

मी वाकून शेवंताच्या कानाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याशी बोलत होते. “शेवंता, ऐकू येतंय का गं? येत असेल तर परत हलव.”

अंगठा हलला.

“दोनदा हलव.”

दोनदा हलला.

भागिनाथ जमिनीवर बसला होता तो तिथंच आडवा होऊन हात जोडायला लागला, मला, बोंद्रेला, खाटेला. कचरू बाहेर ओरडत धावला. सिस्टर आल्या, शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. सगळ्या वॉर्डात गलका झाला.

बोंद्रे तेवढा जागचा हलला नाही. तक्ता हातात तसाच. जरा वेळानं तो माझ्याजवळ आला आणि अगदी माझ्या आवाजात, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, “आराध्ये, आपण इथं काय काय बोललो गं?”

नळी काढायला आणखी तीन दिवस लागले. सर परत आले, त्यांनी शाबासकी दिली, बोंद्रेलाही दिली. तो कसनुसा हसला. पुढं तो पास झाला, मीही झाले. मण्यारीवर प्रश्न आला नाही. पण त्या आठवड्यानंतर रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहून त्यानं कधी तोंडी घेतली नाही. आता तो मोठ्या शहरात मोठा डॉक्टर आहे. रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याला नाव घेऊन सांगतो म्हणे, आता सुई टोचतोय, आता कूस बदलतोय. त्याचे विद्यार्थी त्यावरून त्याची नक्कल करतात.

नळी निघाल्यावर शेवंता दोन दिवस काही बोलली नाही. घसा सोलवटला होता, आम्हाला वाटलं त्यानं बोलत नसेल. भागिनाथनं तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या, शेजारणींना पेढे वाटले. गावाकडून चंद्रा आली, पोरीला काखेत घेऊन. पंधरा-सोळा वर्षांची असेल, दोन वेण्या, हसरी. ताईची वेणी-फणी, ताईचे कपडे, ताईची पोर, सगळं धावून धावून करत होती. सगळ्या वॉर्डाला ती आवडली.

एका दुपारी मी शेवंताचा रक्तदाब बघत होते. चंद्रा कपडे वाळत घालायला गेली होती, भागिनाथ औषध आणायला. शेवंता म्हणाली, “बाई.”

घोगरा, फाटका आवाज. तो तिचा पहिला शब्द मी ऐकला.

“बोल गं.”

“तुम्ही राम राम म्हनायच्या त्याच ना?”

माझ्या हातातली रबरी नळी तशीच राहिली.

“अन मधीच इंग्रजी. आवाज आला की वाटायचं, हाय कुनीतरी.” तिला दम लागला. थांबून म्हणाली, “पान उलटायच्या येळंला एक दम उशिरा यायचा. मी मोजायची न्हाई, पन कळायचं. आता पान आलं, आता थोडं थांबायचं.”

मी तिचा हात हातात घेतला.

“सगळंच ऐकू येत होतं?”

तिनं छताकडं बघत मान हलवली. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं. ते तिनं पुसलं नाही.

“बाई, चंद्राला गावाला धाडा. सांगा, वार्डात एकच मानूस चालतंय. माझी आई येईल.”

“सांगते.”

“अन त्येंना सांगू नका. मला ऐकू येत व्हतं म्हनून.”

“शेवंता, तो तुला सोडून नाही गेला गं. हाताला फोड येईतोवर...”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “फोड बी ठावं हाईत मला. म्हनून तर म्हनते. सांगू नका.”

एवढं बोलून ती कुशीवर वळली. मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून पुढच्या खाटेपाशी गेले.

चंद्राला मी गावाला पाठवलं. जाताना ती रुसली होती. म्हणाली, “ताईला माझं करनं आवडना का?” मी तिला नियम सांगितला.

घरी सोडायच्या दिवशी जीप फाटकापाशी उभी होती. कचरू पुढं बसला होता. ताईला न्यायला चंद्रा परत आली होती. पोरीला खांद्यावर घेऊन जीपच्या दाराशी उभी होती. शेवंता आपल्या आईचा हात धरून हळूहळू व्हरांड्यातून चालत गेली. भागिनाथ गाठोडं उचलून निघाला आणि मधूनच मागं आला.

“बाई, एक इचारू?”

“विचारा.”

त्यानं गाठोडं खाली ठेवलं. तळहात टॉवेलाला पुसले. फोड वाळून तिथली कातडी निघाली होती.

“ती जवा पडून व्हती. तिला काय ऐकू येत व्हतं का?”

मी त्याच्याकडं बघितलं. बाहेर चंद्रा पोरीला जीप दाखवत होती, पोरगी हसत होती.

“नाही हो,” मी म्हणाले. “गाढ झोपल्यासारखी होती.”

“खरंच?”

“खरंच.”

त्यानं मान हलवली. एकदा, दोनदा. वाकून गाठोडं उचललं, खांद्यावर घेतलं, आणि तिथंच उभा राहिला. मग माझ्याकडं न बघता, जीपकडं बघत म्हणाला,

“मग बाई, चंद्राच्या हातचं पानी ती का पीत न्हाई?”